धाव, सायकल आणि सवड



व्याख्यानमालेच्या मंडळींनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही कामगार चळवळीवर बोलावे. ते योग्यच होते. गेली तीस वर्षे आम्ही तेच काम करीत आलो. वर्गणीची पावती फाडणे, मालकाच्या दारात बसणे, कामगार न्यायालयात तारखांवर तारखा घेणे, यापलीकडे आमच्या गाठी फारसे काही नाही. शिक्षण म्हणाल तर दहावीच्या अलीकडेच संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर. परंतु आम्ही मंडळींना विनंती केली की यंदा आम्हांला धावण्यावर आणि सायकलवर बोलू द्या. मंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहू लागली. एकाने तर हळूच विचारले, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी आहे, आणि ती का बरी आहे हेच सांगायचे आहे. तथापि केवळ तब्येतीची गोष्ट सांगून आम्ही खाली बसणार नाही. चळवळीवर बोलायचे नाही असे म्हणून आम्ही उभे राहिलो असलो, तरी शेवटी आमची गाडी त्याच रुळावर येईल. त्याला आमचा इलाज नाही.

आमचे कुंभार पिंपळगाव तुम्हांला सांगायला नको. गावाच्या नावातच चाक आहे. कुंभाराचे चाक एका जागी फिरते आणि मातीला आकार देते. सायकलचे चाक जागा बदलीत जाते आणि माणसाला आकार देते. आम्ही लहानपणी सायकल शिकलो ती भाड्याच्या सायकलवर, तासाच्या हिशेबाने. पाय सीटवरून पुरत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारायची. दोन्ही गुडघे फुटल्याशिवाय सायकल येत नाही अशी त्या काळी श्रद्धा होती, आणि आम्ही ती मनोभावे पाळली.

पुढे जालन्याला औद्योगिक वसाहतीत कामाला लागलो, तेव्हा पहिली मोठी खरेदी केली ती जुन्या काळ्या सायकलची. जालन्याच्या लोखंडाचे नाव आज दूरवर गेले आहे. ते लोखंड तापवणारे आणि ओढणारे हात त्या काळी सायकलवरूनच कामावर येत. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा निघे. आमची पहिली सभा त्या लोंढ्यापुढे झाली. व्यासपीठ नव्हते. सायकल स्टँडवर लावली, कॅरिअरवर उभे राहिलो आणि बोललो. दोन वाक्ये झाली आणि सायकल कलंडली. लोक हसले, पण थांबले. संघटनेची सुरुवात अशी झाली.

मग मोटारसायकल आली. संघटनेच्या कामाला गती आली आणि आमच्या पोटालाही आली. मोर्चात पुढे चालणारा पुढारी जिना चढताना धापा टाकू लागला. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि मान हलवली. साखरही वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही लोकांच्या कामाचे तास मोजता, स्वतःचे मोजा." हे वाक्य औषधापेक्षा कडू होते, म्हणून लागू पडले.

आम्ही प्रथम चालू लागलो. मग एक खांब धावायचे, एक खांब चालायचे, असे विजेच्या खांबांच्या हिशेबाने सुरू केले. तुम्हांला ठाऊकच आहे की आपल्याकडे पन्नाशीकडे झुकलेला माणूस पहाटे धावताना दिसला तर त्याची दोनच कारणे असतात. एक तर घरात काही विपरीत घडले, नाहीतर माणूस काही घेऊन पळाला. पहिल्याच आठवड्यात दुधाच्या गाडीवरच्या एका गृहस्थाने गाडी थांबवली आणि काळजीने विचारले, "भाऊ, कोण गेलं?" आम्ही म्हणालो, "कोणी नाही, उगाच धावतो." तो म्हणाला, "उगाच?" त्या एका शब्दात जे आश्चर्य होते ते आम्ही अद्याप विसरलो नाही. कुत्र्यांचेही मत त्याच्यासारखेच होते. फरक एवढाच, की ती विचारत बसत नसत.

आता आमचा नेम असा. पहाटे साडेचारला उठायचे. आठवड्यातून तीन दिवस धाव, दोन दिवस सायकल, एक दिवस केवळ चालणे आणि एक दिवस विश्रांती. धाव पाच ते आठ किलोमीटर. वेग किती, असे विचाराल तर बैलगाडीपेक्षा जास्त आणि म्हशीच्या रेडकापेक्षा कमी. नियम एकच ठेवला आहे. शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करायचा. पुढाऱ्याला हा नियम फार सोपा, कारण बोलणे आम्हांला कोणत्याही परिस्थितीत सोडवत नाही. सायकलवर कधी तीर्थपुरीची वाट धरतो, कधी जांब समर्थाची. चैत्र-वैशाखात सूर्य वर यायच्या आत घरी परतायचे. मराठवाड्याचे ऊन हौस-मौज ओळखत नाही. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी धरते की एकेक पाय शेराचा होतो. तेव्हा डांबरी रस्ता सोडायचा नाही. आणि हिवाळ्यात, म्हणजे उसाच्या हंगामात, डोळ्यांत तेल घालून धावायचे. कारण दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात येतात, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असे नाही.

याच हिवाळ्यातल्या एका पहाटेची गोष्ट आज सांगायची आहे.

रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांची टोळी उतरली होती. पाचटाच्या खोपी, बाहेर तीन दगडांची चूल. पाच वाजायचे होते. एक बाई भाकरी थापीत होती. शेजारी लेकरू गोधडीत निजले होते. आम्ही धावत तिच्यासमोरून गेलो, पुढच्या वळणावरून परत आलो आणि पुन्हा तिच्यासमोरून जाऊ लागलो. तेव्हा तिने हात न थांबवता विचारले, "भाऊ, तुमाला काई काम नाही का? पळायचंच असंल तर या की फडात, मोळ्या वाहायला."

टोळीतले सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु घरी येईपर्यंत ते हसू उरले नाही. कारण प्रश्न खरा होता, आणि तो कामगारांच्या पुढाऱ्याला एका कामगार बाईने विचारला होता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता खाली ठेवता येत नाही. पहाटेपासून तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. गाडी कधीही आली तरी भरायची. ज्या बाईचे शरीर असे पिळून निघते, तिच्यासमोरून आम्ही घाम काढण्यासाठी म्हणून पळत होतो! तिचा घाम कामाचा आणि आमचा हौसेचा. मग धावणे ही रिकाम्या माणसाची चैन आहे काय? असेल, तर आमच्यासारख्याने ती सोडून द्यावी हे बरे. नसेल, तर तिला उत्तर देता आले पाहिजे. हे उत्तर शोधण्यात आमची काही वर्षे गेली. ते जसे सापडले तसे आज मांडतो.

आपल्याकडे जत्रेला जाणाऱ्यांचे तीन प्रकार सांगतात, हौसे, नवसे आणि गवसे. खेळातही हेच तीन असतात. नवसे म्हणजे पदकासाठी धावणारे, गवसे म्हणजे बक्षिसाच्या रकमेवर डोळा ठेवणारे, आणि उरले ते हौसे. हौशी खेळाडूला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ प्रेम करणारा असा आहे. किती गोड शब्द! परंतु आम्ही वाचू लागलो तेव्हा असे आढळले की या गोड शब्दाच्या पोटात एक कडू बी आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हौशी खेळाडू कोण याची व्याख्या ठरवण्यात आली. १८७९ साली हेन्ली येथील नौकाशर्यतीच्या नियमांत असे लिहिले गेले की जो पोटासाठी कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर म्हणून काम करतो अथवा कधी काळी करीत होता, तो हौशी नव्हे. लक्षात घ्या, खेळून पैसे घेणारा नव्हे असे म्हटले असते तर गोष्ट वेगळी होती. येथे हाताने काम करणाऱ्याला खेळावर प्रेम करण्याचाच अधिकार नाही असे लिहिले गेले. धावण्याच्या खेळात ही अट १८८० साली काढून टाकण्यात आली, पण हेन्लीला ती १९३७ पर्यंत राहिली. १९२० साली अमेरिकेचा जॉन केली हा नाविक हेन्लीला उतरू पाहत होता. त्याचा अर्ज नाकारण्यात आला. त्याच्या क्लबावर जुना राग होता हे एक कारण. दुसरे कारण असे की त्याने हातांनी विटा रचल्या होत्या. तो गवंडीकाम केलेला माणूस होता. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्याच केलीने नौकानयनात दोन सुवर्णपदके जिंकली. विटेवर वीट रचणाऱ्या हातांनी आपले उत्तर दिले.

योगायोग पाहा. त्याच १९२० साली, त्याच अँटवर्पमध्ये, आपल्याकडचाही एक माणूस धावत होता. बेळगावचे फडेप्पा चौगुले. त्या काळी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत धावायला उतरले होते ते बहुतेक शेतकऱ्यांचे पोर. पायांत बूट नाहीत, खुराक नाही, युरोपातले नियम ठाऊक नाहीत. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. या अनवाणी पोरांचा वेग पाहून ते चकित झाले, आणि त्यांतूनच हिंदुस्थानचे पथक ऑलिंपिकला पाठवण्याची खटपट उभी राहिली. चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. आपल्याला पहिला, दुसरा, तिसरा एवढेच पाठ असतात. आम्ही म्हणतो, एकोणिसाव्यालाही एक फेटा बांधा. ज्या रस्त्यावर पूर्वी आपले कोणी धावले नव्हते, त्या रस्त्यावर तो शेवटपर्यंत धावला.

म्हणजे हे सिद्ध झाले की पायांत दम असणे हा काही श्रीमंतांचा वारसा नाही. मग श्रीमंतांकडे असे काय होते, की जे मजुराकडे नव्हते? बूट? बूट नसले तरी चालते, हे फडेप्पांनी दाखवले. खुराक? तो महत्त्वाचा खरा. परंतु सर्वांत मोठी गोष्ट होती सवड. मालकीचा वेळ.

आता आमची गाडी रुळावर येत आहे, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. मुंबईच्या गिरणीत माणसे उजेड फुटल्यापासून उजेड जाईपर्यंत राबत, आणि आठवड्याला सुटी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. तिकडे १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आमच्या मर्जीचे, अशी मागणी केली. आम्ही मे दिनाच्या किती सभा केल्या त्याची गणती नाही. प्रत्येक सभेत कामाच्या आठ तासांवर बोललो. मात्र शेवटच्या आठ तासांवर, मर्जीच्या तासांवर, कधी बोललो नाही. जणू कामगार संघटना ही केवळ कामाच्या तासांची पहारेकरी आहे, आणि उरलेल्या तासांत माणसाने काय करावे हे तिला ठाऊकच नाही.

सगळ्या चळवळींनी ही चूक केली नाही. इंग्लंडमध्ये १८९४ साली बर्मिंगहॅमच्या काही समाजवादी तरुणांनी 'क्लॅरियन' या साप्ताहिकाच्या नावाने सायकल क्लब काढला. रविवारी कारखान्याच्या धुरातून बाहेर पडायचे, खेड्यात जायचे, पत्रके वाटायची, ओढ्याकाठी भाकरी खायची. १९२५ साली फ्रँकफुर्टला आणि १९३१ साली व्हिएन्नाला कामगारांची ऑलिंपिके भरली. आपल्या गिरणगावातही चाळीचाळींतून व्यायामशाळा होत्या आणि पाळी संपवून आलेली पोरे कबड्डीच्या मैदानात उतरत. रविवार मिळाला नसता, तर ही मैदाने ओस पडली असती.

येथे आम्हांला आमची एक चूक कबूल करायची आहे. ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

धावण्याने आमचा रक्तदाब उतरला, अंग हलके झाले. नवा मुसलमान सात वेळा नमाज पढतो म्हणतात, तसे आमचे झाले. जो भेटेल त्याला उपदेश. संघटनेतला एक सोबती होता. लोखंडाच्या कामावर होता, बारा-बारा तासांची पाळी करायचा, कारण जादा तासांच्या पैशांवर घर चालत होते. त्यालाही साखर निघाली. आम्ही त्याला म्हणालो, "आळस सोड, सकाळी धाव." तो आमच्या शब्दाबाहेर नव्हता. रात्रपाळी करून आला आणि न झोपता आमच्याबरोबर धावायला उतरला. तिसऱ्या दिवशी रस्त्यात चक्कर येऊन पडला. वाचला, दवाखान्यातून चार दिवसांनी घरी आला. त्याच्या बायकोने आम्हांला चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, त्यांना पळायला नका सांगू. त्यांना झोपायला सांगा." त्या चहाचा घोट आमच्या घशाखाली उतरला नाही. जो माणूस तासांचा हिशेब मागत जन्म घालवतो, त्याने आपल्या सोबत्याचे तास मोजले नाहीत.

त्यानंतर आम्ही वाचले, विचारले. डेन्मार्कमधल्या काही संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत एक गोष्ट नजरेस आणली आहे. हौसेने केलेल्या व्यायामाने हृदयाला जो लाभ होतो, तो पोटासाठी केलेल्या अंगमेहनतीने होतोच असे नाही. उलट अतिश्रमाच्या कामाने अपायही होऊ शकतो. कारण समजायला कठीण नाही. धावणारा माणूस अर्धा-पाऊण तास हृदयाला जोराने राबवतो आणि मग त्याला विश्रांती देतो. मजुराचे शरीर आठ-बारा तास न थांबता राबते. ओझे उचलताना रक्तदाब चढतो आणि तासन्‌तास उतरत नाही. दम लागला म्हणून थांबायची मुभा नाही, आणि रात्री पुरती झोप नाही. म्हणजे घाम एकच, पण एका घामामागे विश्रांती असते आणि दुसऱ्या घामामागे दुसरी मोळी असते.

हे कळले तेव्हा त्या बाईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांला मिळाले. "मजुराला व्यायाम कशाला, तो तर दिवसभर व्यायामच करतो," असे जे शहाणे लोक म्हणतात ते साफ चूक आहे. आणि "मजूर आळशी, म्हणून व्यायाम करीत नाही," असे जे आम्ही म्हणत होतो तेही तितकेच चूक. आधी सवड, मग धाव. सवडीवाचून धाव म्हणजे आणखी एक पाळी.

म्हणूनच २०२५ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, तेव्हा आम्हांला त्या सोबत्याची आठवण झाली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम राहतील आणि जादा कामाचा जादा मोबदला मिळेल असे सांगितले गेले. कागदावर बेरीज जुळते. परंतु बारा तास काम, दोन तास येणे-जाणे, आठ तास झोप धरली, तर उरतात दोन. त्यांत जेवायचे, आंघोळ करायची, लेकरांचा अभ्यास घ्यायचा. मर्जीचे तास कोठे गेले? शरीराला आठवड्याची सरासरी कळत नाही. त्याला रोजची रात्र कळते.

आता थोडे सायकलविषयी. आज पहाटे रस्त्यावर दोन तऱ्हेचे सायकलवाले दिसतात. एकाच्या डोक्यावर टोपी, अंगात चापून बसलेले रंगीत कपडे, सायकल एका बोटाने उचलता येईल अशी. दुसऱ्याच्या हँडलला दोन दुधाच्या कॅन, मागे कॅरिअरवर पेंडीचे पोते. पहिल्याला वर्तमानपत्र सायकलपटू म्हणते. दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. आम्ही दोघांनाही नमस्कार करतो, पण अंमळ खाली वाकून दुसऱ्याला.

या यंत्राचा इतिहास मोठा नवलाचा आहे. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस याने पायडल नसलेली, पायांनी जमीन रेटून चालवायची दुचाकी काढली. १८८५ साली इंग्लंडमध्ये स्टार्लीने सारख्या चाकांची, चेनची सायकल बनवली. १८८८ साली डनलॉपने हवेची धाव आणली. त्यानंतर मूळ घडणीत फारसे काही बदललेच नाही. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याला तेवढ्याच अंतरासाठी पायी चालणाऱ्याच्या सुमारे पाचवा हिस्सा शक्ती लागते. पेट्रोल नाही, धूर नाही. बिघडली तर झाडाखाली पाण्याची बादली, कानस, सोल्युशन आणि रबराचा तुकडा घेऊन बसलेला माणूस पंधरा मिनिटांत उभी करून देतो. चाकाचा आऊट काढताना त्याचे डोळे पाहा. आरीवर बोट वाजवून तो ताण ओळखतो, जणू तंबोरा लावीत आहे.

आणि या साध्या वाहनावरून माणसे कोठे कोठे गेली! १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी पृथ्वीप्रदक्षिणेला सायकली काढल्या. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १९२८ च्या मार्चमध्ये ते परतले. साडेचार वर्षांत सुमारे ७१,००० किलोमीटर. अगदी अलीकडे, २०१५ साली, नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलने ओलांडण्याची शर्यत जोडीने पुरी केली.

परंतु आमच्या मते सर्वांत मोठी सायकलफेरी याहून लहान आहे. ती वस्तीपासून शाळेपर्यंतची आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सकाळी दोन वेण्या घातलेल्या मुलींची रांग शेताच्या रस्त्याने शाळेला जाताना दिसली की आम्ही सायकल बाजूला घेतो. गाव लांब, म्हणून शाळा सुटली, आणि शाळा सुटली म्हणून लग्न लागले, ही साखळी त्या सायकलची चेन तोडते.

धावणाऱ्या पोरांकडे वळतो आणि मग आटोपते घेतो. आमच्याबरोबर पहाटे रस्त्यावर जी तरुण मुले असतात, ती आमच्यासारखी हौशी नव्हेत. ती पोलीस भरतीची मुले आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलाने पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत अंतर कापले तर वीस गुण. दोन-चार सेकंदांवर घरची चूल अवलंबून. ही मुले आम्हांला मागे टाकून जातात तेव्हा त्यांच्या श्वासात हौस नसते, घोर असतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा, म्हणजे आपल्या परतूरकडची आष्टी नव्हे, अविनाश साबळे हा शेतकऱ्याचा मुलगा शाळेसाठी रोज मैलोगणती तुडवायचा. सैन्यात गेला, सियाचीनला राहिला. त्याने २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. प्रत्येक पोराच्या मोबाईलमध्ये त्याचे चित्र आहे. पण त्याच बीड जिल्ह्यात २०२५ च्या जानेवारीत, घोडका राजुरीजवळ, पहाटे महामार्गाच्या कडेला भरतीचा सराव करणारी तीन मुले एस.टी. बसच्या धडकेने गेली. ती महामार्गावर का धावत होती? धावायला दुसरी जागा नव्हती म्हणून.

ही बातमी वाचली त्या दिवशी आम्ही धावलो नाही. दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. गावात एका संस्थेचे मैदान होते, त्याच्या फाटकाला पहाटे कुलूप असे. आम्ही संघटनेच्या सवयीने निवेदन दिले, दोनदा बैठक झाली, तिसऱ्या वेळी फाटकापाशीच बसलो. पहाटे पाच ते सात फाटक उघडे राहील असे ठरले. मैदान मोजायचे कसे? मोठी फीत नव्हती. आम्ही आमची जुनी सायकल काढली, पुढच्या चाकाच्या एका आरीला लाल चिंधी बांधली. चाकाचा एक फेरा सुमारे दोन मीटर वीस सेंटिमीटर. म्हणजे चारशे मीटरला एकशे ब्याऐंशी फेरे. पोरे मोठ्याने मोजीत मागे चालली. चुन्याची फक्की टाकून रेघ काढली. कुंभारांच्या गावात चाकानेच मैदानाला आकार दिला. चार फेऱ्यांना १६०० मीटर. आज तेथे तीस-चाळीस मुले धावतात, आणि सांगायला आनंद वाटतो की त्यांत सात-आठ मुली आहेत.

बंधुभगिनींनो, श्रीसमर्थांचे जन्मगाव जांब आपल्या शेजारी आहे. १६०८ साली जन्मलेल्या त्या पुरुषाने गावोगावी मारुती स्थापन केले आणि बलोपासना सांगितली. मारुतीला आपण शेंदूर लावतो, तेल घालतो. त्याच्यासमोर दंड काढायला जागा मात्र ठेवीत नाही. म्हणून तुमच्यापाशी तीन मागणी आहेत. पहिली, मैदानाला एक दिवा आणि वळणावर एक फलक हवा. ग्रामसभेत हा विषय निघाला की हात वर करा. दुसरी, ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांनी मागे लाल पट्टी लावावी. तिचा खर्च एका जेवणाइतकाही नाही आणि त्याने एखाद्या घरचा दिवा वाचेल. तिसरी, जे कामावर माणसे ठेवतात त्यांनी आठवड्यातला सुटीचा एक दिवस खरा द्यावा. लोखंड्यांनी तो १८९० साली मिळवला. अद्याप तो पुष्कळांपर्यंत पोहोचलेला नाही.

त्या ऊसतोडीच्या बाईला उत्तर द्यायचे राहिले. हंगाम संपला, पट्टा पडला आणि टोळी निघून गेली. पुढच्या वर्षी त्या जागी दुसरी टोळी होती. ती भेटली तर आम्ही म्हणू: बाई, तू म्हणालीस ते खरे आहे. आम्ही पळत होतो तो वेळ कोणाच्या तरी लढ्याने आमच्या पदरात पडला होता. तो तुझ्या पदरात अजून पडलेला नाही, हा आमचा, म्हणजे चळवळीचा, उणेपणा आहे. आम्ही पळणे सोडणार नाही. परंतु तुलाही एके पहाटे उठून, कोणी मुकादम हाक मारीत नसताना, केवळ मनात आले म्हणून लेकराचा हात धरून चार पावले धावता आले पाहिजे, यासाठी उरलेले आयुष्य खर्च करू. तोवर आमच्या हौसेवर तुझे थोडे देणे राहील.

उद्या पहाटे पाचला मैदानाचे फाटक उघडते. ज्यांना सवड आहे त्यांनी यावे. ज्यांना नाही त्यांनी आम्हांला सांगावे की ती कोणी अडवून ठेवली आहे. दोन्ही कामे आम्हांला सारखीच प्रिय आहेत.